आठवण गेली तरी सूर राहतो

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने जेवण झाल्यावर पुन्हा ताट मागितले, सुनेला बहीण समजून हाक मारली, रात्री दोन वाजता उठून ‘पाळी चुकेल, डबा द्या’ म्हणत दाराची कडी काढली, की शेजारीपाजारी एकच शब्द वापरतात : म्हातारचळ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर आपल्या जिभेवर तयारच असते. काही घरे याच्याही पुढे जातात. ‘बाहेरचे काही लागले असेल’ म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात. ज्या समाजाने १९५६ साली या साऱ्याकडे पाठ फिरवली, त्याच समाजातल्या काही घरांत आजारी आईसमोर लिंबू उतरवले जाते, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

वाचकहो, हा चळ नव्हे, हा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत स्त्रीच्या मेंदूची तपासणी करून या बिघाडाची माहिती जगापुढे मांडली. मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात आणि त्यांच्याबरोबर आठवण, हिशेब, वाटा, नावे अशी एकेक गोष्ट निसटत जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा आजार असावा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आहे. ज्यांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्यांच्यातही अधिक आहे. आपल्या आया-आज्या या दोन्ही रकान्यांत बसतात, हे लक्षात घ्यावे.

पहिली गोष्ट डॉक्टरांची. विसरण्याचे प्रत्येक लक्षण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची खोल उदासी, एखाद्या औषधाचा परिणाम यांनीही माणूस गोंधळतो, आणि हे बरे होऊ शकते. म्हणून परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, भायखळ्याचे जे. जे. यांपैकी जे जवळ पडेल तिथे आधी तपासणी करून घ्यावी. एकाएकी, दोन-चार दिवसांतच माणूस बरळू लागला तर मुळीच थांबू नये. त्यामागे ताप, जंतुसंसर्ग किंवा मेंदूतला रक्तस्राव असू शकतो.

आता मुख्य विषयाकडे येऊ. तपासणी झाली, आजाराचे नाव कळले, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी खरे तेच सांगितले की हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. मग घरी काय होते? सकाळी मुलगा कामावर जातो, नातवंडे शाळा-कॉलेजात जातात. खोलीत उरतात सूनबाई आणि सासूबाई. सूनबाईंनाही चार घरची कामे असतात. त्या बाहेर पडताना नाइलाजाने बाहेरून कडी लावतात. आत म्हातारी दार ठोठावत बसते. पाहता पाहता माणसाचे ओझे होऊन जाते. त्याला वेळेवर जेवू घातले, धुतले, पुसले, निजवले की काम संपले. त्याच्याशी बोलायचे राहून जाते. आणि बोललोच तर आपण त्याची परीक्षा घेतो. ‘मी कोण, सांग बरं?’ ‘आज वार कोणता?’ ‘तुझ्या धाकट्या लेकाचे नाव काय?’ येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा हाच पेपर काढतो. जे हरवले आहे तेच पुन्हा पुन्हा मागायचे, आणि ते सापडले नाही की हसायचे किंवा हळहळायचे! अशा माणसाने चिडावे, रडावे, भिंतीकडे तोंड करून बसावे, यात नवल ते काय?

आमचे सांगणे एवढेच आहे : जे हरवले ते विचारू नका, जे उरले त्याच्याशी बोला. आणि बरेच काही उरलेले असते.

मेंदू सगळ्या आठवणी एकाच पेटीत ठेवत नाही. अल्झायमरमध्ये बहुधा आधी कालची, आजची, तासाभरापूर्वीची आठवण जाते. कोवळ्या वयातले पुष्कळ दिवस टिकते. हातांना लागलेल्या सवयी त्याहूनही टिकतात. आणि गाणे तर आश्चर्य वाटावे इतके टिकते. जर्मनीतल्या लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की जुन्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागाशी जोडलेली आहे, तो भाग या आजारात इतर भागांच्या मानाने उशिरा झिजतो. म्हणूनच मुलाचे नाव न आठवणारी आजी एखादे गाणे धृपदापासून शेवटापर्यंत म्हणून जाते. लोक म्हणतात, ‘बघा, हिला सगळे आठवते, नाटक करते!’ नाटक नसते ते. ती पेटी निराळी असते.

या बाबतीत आपला समाज गरीब नाही. आपल्या आज्या गावाकडे पहाटे जात्यावर बसत. त्यांच्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, पण शेकडो ओव्या तोंडपाठ होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही मोठ्या संख्येने आहेत. मुंबईत आल्यावर जाते सुटले, पण जलसा भेटला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे जलसे चाळींच्या पटांगणांत रात्र रात्र चालत. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आले. मोठेपणी अक्षरे शिकलेल्या या माणसाने हजारो माणसांच्या ओठांवर गाणी ठेवली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज चाळीचाळींतून घुमले. हा सारा ठेवा आपल्या म्हाताऱ्यांच्या आत अजून आहे. तो काढायला पैसा लागत नाही, शेजारी बसायला वेळ लागतो.

हिशेब करून पाहा. आज जे पंच्याऐंशीच्या घरात आहेत, ते १९५६ साली पंधरा-सोळा वर्षांचे होते. माणसाच्या मनात सर्वांत खोल रुजते ते याच वयातले. तेव्हा तुमच्या आजोबांना आज चाललेले सिनेमाचे गाणे नको असेल. त्यांच्या विशीपर्यंतची गाणी शोधून लावा. आवाज बेताचा ठेवा. त्यांच्यासमोर, त्यांना तुमचा चेहरा दिसेल असे बसा आणि आपणही म्हणा. चुकले तरी चालेल. हातात एखादी डफली द्या, नाहीतर स्टीलचा डबा द्या. ठेका आपोआप येतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला ध्वनिक्षेपकाचा दणदणाट मात्र अशा माणसाला सोसत नाही, तो घाबरतो. चैत्यभूमीला ६ डिसेंबरच्या गर्दीत नेण्याऐवजी एखाद्या निवांत दिवशी सकाळी न्या, आणि त्यांच्या खिशात नाव व घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

गाण्यानंतर चित्र. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या वस्तुसंग्रहालयाने २००६ साली एक उपक्रम सुरू केला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना त्यांच्या घरच्यांसह बोलवायचे, एखाद्या चित्रासमोर खुर्च्या टाकून बसवायचे आणि विचारायचे : तुम्हांला यात काय दिसते? चित्रकार कोण, साल कोणते, हे कोणी विचारायचे नाही. त्याआधी १९९०च्या दशकातच ॲन बास्टिंग या नाट्यशिक्षिकेने अशीच दुसरी रीत बसवली होती. एक गमतीचे छायाचित्र दाखवायचे, ही बाई कोण असेल, कुठे निघाली असेल, असे विचारायचे, आणि येईल ते उत्तर, मग ते कितीही विसंगत असो, कागदावर उतरवून त्याची गोष्ट करायची. शेवटी ती सर्वांना वाचून दाखवायची. यात आठवायचे काही नसते, म्हणून चुकायचेही काही नसते.

हे करायला न्यूयॉर्क कशाला पाहिजे? घरात जुने कॅलेंडर असते, लग्नाचा फोटो असतो, गिरणीच्या गेटवरचा घोळक्याचा फोटो असतो. नातवाने वही घेऊन बसावे आणि म्हणावे, ‘आजी, हा माणूस कुठे चालला असेल?’ आजी म्हणेल, ‘बाजाराला.’ ‘काय आणायला?’ ‘सुकट आणायला.’ झाली गोष्ट सुरू! ‘अगं, हे तर आपले आजोबा, विसरलीस का?’ हे वाक्य तेवढे गिळावे. बाहेर नेता येत असेल तर भायखळ्याच्या राणीबागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेल्या या वास्तूत जुन्या मुंबईतल्या माणसांचे आणि त्यांच्या कामधंद्यांचे मातीचे छोटे पुतळे मांडलेले आहेत. वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्यावा.

मग हात. ज्यांची बोटे आयुष्यभर राबली, त्यांना रिकाम्या हाताने बसवणे ही शिक्षाच आहे. डिलाइल रोडच्या एका घरातली गोष्ट आमच्या पाहण्यातली आहे. आजोबा गिरणीत रिंग खात्यात सायडर होते. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेक जण याच खात्यात का होते, हे नव्या पिढीला ठाऊक असावे. साचाखात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना तिथे शिरू देत नसत. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. असो. तर हे आजोबा दिवसभर चादरीचा काठ उसवीत बसत. घरातल्यांना वाटे, आता चादरीही फाडायला लागले. कॉलेजात जाणाऱ्या नातीने बोटे नीट पाहिली. ती उसवत नव्हती. सुटलेल्या धाग्याची टोके पुन्हा पुन्हा जोडू पाहत होती. रिंग खात्यात तुटलेला धागा सांधण्याचे काम या बोटांनी पंचवीस वर्षे केले होते. नातीने जुन्या स्वेटरांची रंगीत लोकर आणली आणि एका लाकडी चौकटीला खिळे ठोकून दिले. आजोबा त्यावर लोकर ताणत, गाठी मारत, आडवे-उभे धागे घालत बसू लागले. नक्षी वेडीवाकडी येई, पण चादर वाचली आणि दुपारची चिडचिडही कमी झाली. ती चौकट आता भिंतीवर टांगलेली आहे. येणारे विचारतात, ‘कोणी केले?’ आजोबांना पुष्कळदा आठवत नाही. पण ‘तुम्ही केलेत’ म्हटले की मान ताठ होते.

आजींसाठी गोधडी हीच मोठी कलाशाळा आहे. जुन्या लुगड्यांचे तुकडे समोर पसरा. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता ठेवायचा, ते त्यांना ठरवू द्या. टाके घालायला सुई द्यायची तर जाड, बोथट टोकाची द्या आणि जवळ बसा. सुई नको असेल तर तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवले तरी चालते. तांदळाच्या पिठाची रांगोळी, ओल्या कणकेची पाखरे, पाण्यात कालवलेले रंग आणि जाड ब्रश, यांतले काहीही चालेल. रंग विषारी नसावेत, कारण तोंडात जाण्याची शक्यता असते. शाळेतल्या पोरांसारखे ‘आंब्याला हिरवाच रंग दे’ म्हणू नये. निळा आंबा निघाला तर निळा! आणि म्हाताऱ्या माणसाला बाळासारखे ‘शाब्बास शाब्बास’ करून टाळ्याही वाजवू नयेत. ते लहान झालेले नाहीत, आजारी झालेले आहेत.

एक सावधगिरी सांगणे भाग आहे. आपल्या माणसांच्या आठवणी सगळ्याच गोड नाहीत. १९७४ ची वरळीची दंगल कोणी पाहिली असेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात कोणाचे घर बसले असेल. गाव सोडताना सोसलेला अपमान मनात असेल. एखाद्या गाण्याने, चित्राने डोळ्यांतून पाणी आले तर ‘रडू नको’ म्हणून दडपू नका, आणि ‘काय झाले ते सांग’ म्हणून खणूही नका. हात हातात घ्या, थोडा वेळ जाऊ द्या आणि दुसरे गाणे लावा.

याच जोडीला सध्या आपल्या वस्तीत एक नवे संकट येऊ घातले आहे, आणि ते सुखाच्या रूपाने येत आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या मिळून २०७ बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु ज्या म्हातारीचा मेंदू आधीच वाटा विसरतो आहे, तिची गॅलरी गेली, शेजारणीची हाक गेली, सामायिक नळ गेला. सगळे दरवाजे सारखे, लिफ्टमधले आकडे सारखे. ती नव्या घरात बसून म्हणते, ‘मला घरी न्या.’ ‘हेच आपले घर’ असे शंभरदा सांगून काही होत नाही.

अशा घरांनी स्थलांतराच्या आधीच तयारी करावी. जुन्या खोलीचे, गॅलरीचे, जिन्याचे फोटो काढून ठेवावेत. नातवंडांनी आजीला शेजारी बसवून जुन्या खोलीचा नकाशा काढावा : चूल इथे, मोरी तिथे, बाबांचा फोटो या भिंतीवर. नव्या घरात तो नकाशा तिच्या पलंगाजवळ लावावा. नव्या दारावर तिच्याच जुन्या गोधडीचा ठळक रंगाचा तुकडा किंवा तिने रंगवलेला पुठ्ठा टांगावा, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या दारांत आपले दार ओळखू येईल. ‘घरी न्या’ म्हणाली की वाद न घालता तो नकाशा काढून म्हणावे, ‘आई, तुझी चूल कुठे होती, दाखव ना.’ पुष्कळदा तेवढ्याने जीव थंडावतो.

आता खरे तेही सांगून टाकू. गाण्याने, चित्राने हा आजार बरा होत नाही. निरनिराळ्या देशांतल्या संगीताच्या प्रयोगांचा २०१८ साली एकत्र आढावा घेतला गेला. किमान पाच बैठका झालेल्या माणसांत उदासी आणि वागणुकीतला त्रास काहीसा कमी झालेला दिसला. स्मरणशक्तीत मात्र फारसा फरक पडला नाही. तेव्हा ‘गाणे ऐकवा आणि आठवण परत मिळवा’ असे कोणी विकायला आले तर त्याला दारातूनच परत पाठवा. आपल्याला मिळते ते एवढेच : तो तास बरा जातो. पण ज्या घरात चोवीस तास ओरडा आणि रडारड असते, त्या घराला एका बऱ्या तासाची किंमत विचारा.

हा तास एकट्या सूनबाईच्या गळ्यात मारू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. मुलाने सुट्टीच्या दिवशी आईजवळ बसावे. गाणे म्हणायला पुरुषाचा गळा चालतोच की! आणि महिला मंडळांना आमची एक सूचना आहे. आठवड्यातून एक दुपार विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल अशा म्हाताऱ्यांसाठी उघडा. चार सतरंज्या, एक ढोलकी, जुनी गाणी पाठ असलेला एखादा शाहीर, रंगाच्या दोन-चार डब्या आणि चहा. बरोबर आलेल्या सुनांना तेवढा वेळ मोकळीक द्या. नाहीतर त्यांनाही बसू द्या आणि आपले दुखणे एकमेकींना सांगू द्या. या कामातली जाणकार मंडळी आहेत. अल्झायमर रुग्णांसाठी झटणारी ‘एआरडीएसआय’ ही संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशननेही अशा रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे चालवली आहेत. त्यांच्याकडून माहिती घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी मदतीचे फोन आहेत. सांभाळणारी व्यक्तीच खचली असेल तर तिनेही दुसऱ्या नंबरावर फोन करायला लाजू नये.

‘अस्तु’ हा सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा मराठी चित्रपट मिळाला तर घरच्यांनी मिळून पाहावा. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात हा आजार झालेल्या एका संस्कृत पंडिताचे काम केले आहे. ज्ञानाचे डोंगर आठवणीतून कोसळतात आणि हा माणूस एका हत्तीच्या मागे निघून जातो. त्याला सांभाळते ती माहुताची गरीब बायको. ते काम करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बाई त्याला वार-तारीख विचारत नाही. घरातल्या लेकरासारखी त्याच्याशी वागते.

आपल्या घरातल्या ज्या माणसाने एका पगारात सहा तोंडे भरली, आपल्याला शाळेत घातले, रात्र रात्र जलशाला बसून आपल्या कानांवर पहिली गाणी घातली, त्याला आता आपले नाव आठवत नाही. न आठवो. आपल्याला त्याचे नाव आठवते ना? मग आज संध्याकाळी टीव्ही अर्धा तास बंद करावा, त्याच्याजवळ बसावे आणि त्याच्या तरुणपणचे एक गाणे सुरू करावे. दुसरी ओळ तो म्हणतो का, ते पाहावे. नाही म्हणाला तर आपणच म्हणावी.